पानांची घडण आणि पाण्याचा हिशेब

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पौषातील दुपारी शाळूच्या पिकाकडे पाहिले, तर ओल कमी पडलेल्या ठिकाणची पाने लांबीच्या दिशेने आत वळून सुरळीसारखी झालेली दिसतात. शेजारच्या पट्ट्यात हरभरा असतो. त्याची पाने लहान लहान पर्णिकांत विभागलेली, लवदार आणि आंबेने ओशट झालेली असतात. बांधावरील बाभळीची एकेक पर्णिका तांदळाच्या दाण्याहूनही लहान असते. कुंपणाच्या निवडुंगाला तर बहुतेक दिवस पान म्हणून नसतेच. आणि त्याच शिवारात विहिरीच्या पाटाकडेला लावलेल्या केळीचे एक पान पुरुषभर उंचीहूनही लांब भरते.

एकाच उन्हात व एकाच वाऱ्यात वाढणाऱ्या या वनस्पतींची पाने एकमेकींपासून इतकी भिन्न का असावीत? काम तर सर्वांचे एकच आहे. पीक निवडताना, तण काढताना, खतासाठी पाला तोडताना आणि बियाण्याची कणसे वेगळी काढताना शेतकरी नकळत या प्रश्नाच्या उत्तराशीच व्यवहार करीत असतो. म्हणून ते उत्तर समजून घेणे अगत्याचे आहे.

पान म्हणजे वनस्पतीचे स्वयंपाकघर, असे शाळेत शिकविले जाते. हे खरे असले तरी अपुरे आहे. पानाच्या त्वचेवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. अन्न तयार करण्यासाठी लागणारा कर्बाम्लवायू, म्हणजे ज्याला आज कार्बन डायॉक्साइड म्हणतात तो, याच छिद्रांतून आत येतो. परंतु छिद्र उघडले की आतील ओलावाही त्याच वाटेने बाहेर पडतो. कर्बाम्लवायू हवेत अत्यल्प आहे, दहा हजार भागांत चार भागांच्या थोडा वर. पानाच्या आत मात्र ओलावाच ओलावा असतो. त्यामुळे थोडेसे घेण्यासाठी पुष्कळसे गमवावे लागते. दार बंद ठेवावे तर उपासमार आणि उघडे ठेवावे तर तहान, अशी ही अडचण आहे. शाळूच्या पानाच्या वरच्या बाजूस फुगीर पेशींच्या रांगा असतात. पाणी कमी पडले की त्या प्रथम सैल होतात, पान मिटते आणि त्याचा थोडाच भाग उन्हास व वाऱ्यास उघडा राहतो. सायंकाळी ते पुन्हा उलगडते.

हा व्यवहार किती महाग पडतो, ते अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात अ‍ॅक्रन येथे ब्रिग्ज व शांट्झ या दोघा शास्त्रज्ञांनी १९१० नंतरच्या काही वर्षांत मोजून पाहिले. मातीने भरलेल्या मोठ्या झाकणबंद भांड्यांत त्यांनी पिके वाढविली, दिलेले पाणी वजन करून टिपले आणि शेवटी वाळलेल्या पिकाचे वजन केले. एक किलो शुष्क पदार्थ तयार करण्यास ज्वारीला सुमारे ३०० ते ३२५ किलो पाणी लागले. गव्हाला ५०० किलोंहून अधिक, तर लसूणघासाला ८०० किलोंहूनही अधिक लागले. हवामान बदलले की हे आकडे बदलतात. परंतु पिकांचा एकमेकांशी असलेला क्रम बहुधा तोच राहतो. ज्वारीने निम्म्याच्या आसपास पाण्यात तेवढेच काम कसे केले, याचे कारण पुढे येईल.

पाने आली कोठून?

जमिनीवरील पहिल्या वनस्पतींना पाने नव्हती. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडणारे त्यांचे अवशेष म्हणजे बोटभरही नसलेल्या, दुभागत गेलेल्या हिरव्या काड्या होत. त्यानंतर रुंद पान सर्वत्र दिसू लागेपर्यंत काही कोटी वर्षे गेली. एवढा विलंब का झाला असावा, याविषयी ब्रिटिश संशोधकांनी २००१ मध्ये एक पटण्याजोगा विचार मांडला. त्या काळी हवेत कर्बाम्लवायू आजच्या कित्येक पट होता, त्यामुळे थोड्या रंध्रांवर वनस्पतींचे भागत असे. परंतु रंध्रांतून जाणारे पाणीच पानाला थंड ठेवते. रंध्रे थोडी असताना रुंद पान उन्हात धरले असते, तर ते भाजून निघाले असते. पुढे हवेतील कर्बाम्लवायू घटत गेला, रंध्रांची संख्या वाढली, पान थंड राहू लागले आणि मगच ते पसरट होऊ शकले.

येथे उत्क्रांती या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. कोणत्याही वनस्पतीने विचार करून आपले पान बदलले नाही. एकाच जातीच्या रोपांत थोडाफार फरक असतोच. ज्या रोपांच्या पानांचा पाण्याचा व अन्नाचा हिशेब त्या हवेत जुळला, त्यांचे बी पुढे गेले. ज्यांचा चुकला त्यांचे राहिले. चांगल्या कणसाचे बी पुढील साली पेरताना शेतकरी जे जाणूनबुजून करतो, तेच निसर्गात लाखो पिढ्या कोणाच्याही हेतूवाचून चालले आहे.

फुले येणाऱ्या वनस्पती पुढे आल्या तेव्हा पानाच्या शिरांत मोठी सुधारणा झाली. नेचे, सूचिपर्णी वृक्ष इत्यादी जुन्या गटांच्या पानांत दर चौरस मिलिमीटर क्षेत्रात सरासरी सुमारे २ मिलिमीटर लांबीच्या शिरा भरतात, तर फुलझाडांत सुमारे ८ भरतात. पाटाच्या चाऱ्या जितक्या जवळ, तितके वाफ्यात पाणी लवकर पोचते. तसेच हे आहे. आज शेतात उभे असलेले जवळजवळ प्रत्येक पीक या दाट चाऱ्यांच्या घराण्यातील आहे.

केळी आणि बाभूळ

मोठे पान सूर्यप्रकाश अधिक घेते, मग सर्वच झाडांनी केळीसारखी पाने का धरू नयेत? मोठ्या पानाभोवती स्थिर हवेचा जाड थर राहतो व त्यामुळे पानातील उष्णता सहज निघून जात नाही. पाणी भरपूर असेल तर ते उडवून पान थंड राहते. पाणी संपले की करपते. लहान पर्णिकांवरून मात्र वारा मोकळा वाहतो आणि त्या पाणी न दवडताही हवेच्या तापमानाजवळ राहतात. बाभळीची सावली विरळ असते ती याच कारणाने.

परंतु हे उत्तर अर्धेच आहे. थंड प्रदेशांत पाणी असूनही पाने लहान का, हे त्याने उलगडत नाही. जगभरच्या ७,६७० जातींच्या पानांची मापे घेऊन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुसरी बाजू पुढे आली. निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि भोवतालच्या हवेहून थंड होते. पान जितके मोठे तितके ते अधिक गारठते. पृथ्वीच्या बऱ्याच मोठ्या भागावर पानाच्या आकाराला मर्यादा घालते ती दुपारची उष्णता नसून रात्रीची थंडी असते, असे या अभ्यासात दिसून आले. केळीची बाग कडाक्याच्या थंडीत का पिवळी पडते, हे जळगावकडील बागायतदारास नव्याने सांगावयास नको.

निवडुंगाची हकीकत तर विशेष बोधप्रद आहे. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा, तर चीक असलेला तीनधारी निवडुंग आपल्याकडचा. दोघांत नात्याचा संबंध नाही. एक फुलाच्या रचनेने एका कुळात पडतो, दुसरा एरंडाच्या कुळात. तरी दोघांनी रुंद पान टाकून दिले, खोड हिरवे व गुबगुबीत केले आणि अंगावर काटे धरले. मात्र फड्याचा काटा हे पानाचेच रूपांतर आहे, तर तीनधारीचा काटा पानाच्या देठाशी असणाऱ्या उपपर्णाचा आहे. बाभळीचा व बोरीचा काटाही उपपर्णाचाच होय. उलट लिंबाचा काटा फांदीचा आहे. हत्यार सारखेच दिसले तरी ते निरनिराळ्या लाकडांतून तासलेले आहे.

वन खात्याच्या रोपवाटिकेत ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपे असतील तर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मोठ्या झाडाचे जे लांबट, कोयत्याच्या आकाराचे पान दिसते ते खरे पान नव्हे. तो चपटा झालेला देठ आहे. परंतु बी रुजल्यावर पहिली काही पाने आपल्या बाभळीसारखी पिसासारख्या पर्णिकांची येतात. पुढे देठ रुंद होत जातो, टोकाच्या पर्णिका नाहीशा होतात आणि शेवटी देठच पानाचे सर्व काम करू लागतो. या बाभळीचे पूर्वज कसे होते, ते एका पिशवीतील रोप दोन महिन्यांत दाखवून देते.

कोरफड, घायपात व अननस यांनी निराळीच तोड काढली. ही झाडे रंध्रे रात्री उघडतात, कर्बाम्लवायू आम्लाच्या रूपाने साठवितात आणि दिवसा दारे बंद करून त्याचे अन्न करतात. पाणी फार वाचते, वाढ मात्र संथ होते.

स्वस्त पान व महाग पान

प्रत्येक झाड पानावर काही भांडवल खर्च करते. साग आपली मोठी, पातळ पाने थोड्या महिन्यांसाठी तयार करतो, पावसाळ्यात त्यांच्याकडून झपाट्याने काम करून घेतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी टाकून देतो. आंब्याचे पान जाड, चिवट व मेणचट असते. ते वर्षाहून अधिक काळ झाडावर राहते आणि आपली किंमत सावकाश वसूल करते. १७५ ठिकाणच्या २,५४८ जातींची पाने तपासून २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, गवतापासून वृक्षापर्यंत जगातील पाने याच एका रेषेवर कोठे ना कोठे बसतात. एका टोकास पातळ, नत्राने समृद्ध, वेगाने काम करणारे व अल्पायुषी पान. दुसऱ्या टोकास जाड, नत्राने गरीब, संथ व दीर्घायुषी. पातळ, जलद आणि टिकाऊ असे तिन्ही गुण एकत्र असलेले पान मिळत नाही.

हिरवळीच्या खताचे मर्म येथेच आहे. ताग, धैंचा व गिरिपुष्प यांचा पाला जमिनीत गाडला की थोड्याच दिवसांत कुजतो आणि त्यातील नत्र पिकाला मिळते, कारण ती स्वस्त व नत्रयुक्त पाने आहेत. आंब्याचा किंवा फणसाचा पाला महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. त्याचा उपयोग फळझाडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून करावा; खत म्हणून पेरणीपूर्वी गाडण्यात फारसा अर्थ नाही. काही ठिकाणी सर्व प्रकारचा पाला एकाच खड्ड्यात टाकून, खत लवकर होत नाही अशी तक्रार केली जाते. तेथे दोष खड्ड्याचा नसतो, पाल्याचा असतो.

ज्वारीचे गुपित

आता ज्वारीच्या काटकसरीकडे वळू. हवेतील कर्बाम्लवायू पकडणारे जे द्रव्य पानात असते, त्यात एक जुना दोष आहे. उष्णता वाढली की ते कर्बाम्लवायूऐवजी प्राणवायूही पकडू लागते आणि केलेल्या कामाचा काही भाग वाया जातो. भात, गहू, हरभरा, तूर, कापूस, भुईमूग या सर्वांना ही तूट सोसावी लागते. ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, वरी व ऊस यांनी ती टाळली आहे. त्यांच्या पानात प्रत्येक शिरेभोवती मोठ्या पेशींचे कडे असते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन भाषिक शास्त्रज्ञांना ते फुलांच्या कड्यासारखे भासले व त्यांनी त्यास तसेच नाव दिले. बाहेरच्या पेशी कर्बाम्लवायू पकडून आतील कड्यात ढकलतात. तेथे तो इतका दाट होतो की प्राणवायूला वाव राहत नाही. यामुळे रंध्रे थोडीच उघडूनही काम भागते. हे रहस्य उकलले ते उसाच्या पानात. प्रथम हवाई बेटांत, आणि १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे हॅच व स्लॅक यांनी त्याची रीत पूर्णपणे मांडली.

ही घडण एकदाच निर्माण झाली असती तरी ती नवलाची ठरली असती. प्रत्यक्षात ती निरनिराळ्या कुळांत ६० हून अधिक वेळा स्वतंत्रपणे उदयास आली. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी हवेतील कर्बाम्लवायू पुष्कळ घटला, तेव्हापासून तिचा आरंभ झाला असे मानतात. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक थरांत जुन्या मातीतील चुनखडीचे खडे तपासता, सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी तेथे अशा गवतांनी झाडाझुडपांची जागा घेतल्याचे आढळले. आज वनस्पतींच्या शंभरांपैकी सुमारे तीनच जाती या प्रकारच्या आहेत. तरी पृथ्वीच्या जमिनीवर तयार होणाऱ्या अन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा त्या तयार करतात.

शेतकऱ्याला यातील दुसरी बाजूही ठाऊक असली पाहिजे. हरळी, लव्हाळा, माठ व घोळ ही तणेही याच वर्गातील आहेत. भुईमुगात किंवा कपाशीत उन्हाळी ताव चढला की तण पिकाच्या पुढे का जाते, याचे एक मोठे कारण पानातील हे कडे आहे. भाजीच्या एकाच वाफ्यात माठ व चाकवत शेजारी वाढतात, दोघे एकाच कुळातले. पण माठाने हे कडे मिळविले आहे, चाकवताने नाही. म्हणून माठ वैशाखात फोफावतो व चाकवत थंडीतच गोड लागतो.

उसाविषयी मात्र गैरसमज होऊ देऊ नये. पानाच्या हिशेबाने ऊस काटकसरीच आहे. परंतु रब्बी ज्वारी चार महिन्यांत रान मोकळे करते, तर आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा राहतो व त्यात एकही उन्हाळा चुकत नाही. किलोमागे कमी पाणी पिणारे पीक एकरामागे सर्वांत अधिक पिऊ शकते. अवर्षणप्रवण तालुक्यात ज्वारीच्या रानात विहिरीच्या भरवशावर ऊस लावताना हाच फरक विसरला जातो आणि मग फाल्गुनात ऊस वाळतो, कडबाही हाती नसतो.

हवेतील कर्बाम्लवायू आता पुन्हा वाढत आहे. युरोपातील जुन्या संग्रहांत जपलेल्या झाडांच्या पानांशी ताज्या पानांची तुलना करता, दोनशे वर्षांत रंध्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे १९८७ मध्ये दाखविण्यात आले. भात व गहू यांना या वाढीचा काही लाभ मिळतो. परंतु अशा हवेत वाढविलेल्या धान्यात प्रथिने व जस्त कमी भरते, असेही प्रयोगांत दिसले आहे.

लव, चकाकी आणि किडी

पानाचा हिशेब केवळ उन्हाशी व पाण्याशी नसतो. त्याला खाणाऱ्यांशीही असतो. कपाशीवरील तुडतुड्यांनी पानाच्या कडा खाली वळून तांबूस पडतात, हे सर्वांना परिचित आहे. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टन येथे पार्नेल यांनी १९२० नंतरच्या दशकात, तुडतुड्यांच्या उपद्रवातही तग धरणारी कपाशी निवडून काढली. तेथील तुडतुडा आपल्याकडच्याहून निराळ्या जातीचा. पण खोड तीच. टिकलेल्या झाडांचे वैशिष्ट्य शोधता ते पानांच्या खालच्या बाजूवरील दाट व लांब लवेत सापडले. मादीला शिरांत अंडी घालण्यास ही लव अडथळा करते. मात्र लवदार पानावर पांढरी माशी अधिक बसते. तुडतुड्यासाठी लव वाढवावी तर पांढरी माशी वाढते. ती घालवावी तर तुडतुडा येतो. म्हणून वाण निवडताना आपल्या भागात कोणत्या किडीचा जोर असतो, हे प्रथम पाहावे. लवदार वाण सर्वत्र चांगला, असे सरसकट सांगता येत नाही.

रब्बी ज्वारीत खोडमाशीचे तसेच आहे. ही माशी कोवळ्या रोपाच्या पानाखाली अंडे घालते, अळी पोंग्यात उतरते व वाढीचा कोंब कापते. मग पोंगेमर होते. मोहोळ येथे मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण आणि दक्षिणेच्या पठारावरील रब्बीचे पुष्कळ जुने वाण यांच्या रोपांची पाने फिकट व चकाकणारी असतात. अशा रोपांवर माशी कमी अंडी घालते. ही चकाकी कोणी मुद्दाम निवडली नव्हती. खळ्यावर बियाण्यासाठी कणसे वेगळी काढणाऱ्या बायका कणसाची भरणी, दाण्याचा रंग व भाकरीची चव पाहत. परंतु ज्या रोपांना माशीने गाठले त्यांना कणीसच धरले नाही. खळ्यापर्यंत पोचली ती बहुतांशी चकाकणाऱ्या पानांची. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या माशीने गाळले आणि बायकांनी निवडले.

आपल्या बियाण्यात हा गुण कितपत टिकून आहे, हे घरच्या घरी पाहता येते. उगवणीनंतर आठ-दहा दिवसांनी सकाळी रोपांवर हलके पाणी शिंपडावे. चकाकणाऱ्या पानावर पाणी चिकटून राहते; साध्या पानावर मेणाची दाट पूड असते, तिच्यावरून थेंब मोत्यासारखे ओघळून जातात. ज्या रोपांवरून पाणी ओघळते त्यांना खूण करून ठेवावी आणि पंधरवड्यानंतर पोंगेमर मोजताना दोन्ही प्रकार वेगळे मोजावेत.